डाव्या हाताची खाच

१

मास्तर रोज सकाळी साडेसातला तळ्यावर हजर असत. साडेसात म्हणजे साडेसात. बागेचा रखवालदार त्यांना फाटकातून आत येताना पाही आणि मनगटावरचं घड्याळ पुढेमागे करून घेई.

शाळा चौथीत सुटलेल्या या माणसाला सगळी वस्ती मास्तर म्हणे, कारण ते शिंपी होते आणि कापडाला पहिली कात्री लावायचा मान ज्याचा, तो मास्तर. पन्नास वर्षं त्यांनी कोट शिवले. आता दुकानाची फळी बंद होती, पण मागच्या दोन खोल्यांत ते एकटे राहत आणि ओळखीचं एखादं काम आलं तर हातावेगळं करत. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली होती. स्वयंपाक स्वतःचा स्वतः, धुणं स्वतःचं स्वतः, आणि सल्ला कोणाचाच नाही.

तळं लहानसं. सगळी फेरी मारायला सात मिनिटं पुरत. तीन बाजूंना सिमेंटचा काठ, चौथ्या बाजूला दगडी पायऱ्या. दहा पायऱ्या पाण्याबाहेर, बाकीच्या पाण्यात. किती, ते कोणी मोजलं नव्हतं. पाणी हिरवं होतं आणि त्यातल्या चौथ्या-पाचव्या पायरीपुढचं काही दिसत नसे. बागेचा नियम असा होता की पास असणाऱ्यानं गळ टाकावा, मासा पकडावा, बघावा आणि परत सोडून द्यावा. पासवाले पूर्वी सहा होते. कोणाचे गुडघे गेले, कोणी मुलांकडे राहायला गेलं. आता एकटे मास्तर उरले होते. पाण्यालगतच्या पायरीवर घडीची खुर्ची, शेजारी ओल्या फडक्यात कणकेचा गोळा, आणि पाण्यावर तरंगणारं लाल बूच. साडेनऊपर्यंत एवढंच जग.

रखवालदाराला सगळे शिट्टी म्हणत. हिरवळीवर कोणाचा पाय पडला की तो शिट्टी फुंके, आणि कोणाचा पडला नाही तरी अधूनमधून सवय म्हणून फुंके. एक दिवस तो पायऱ्यांवर उकिडवा बसला आणि म्हणाला, "मास्तर, रोज तोच मासा पकडता का हो?"

"तोच नाही."

"कशावरून? मला तर तोच दिसतो. तोंड बघा ना त्याचं. आज पुन्हा आलात का, असं म्हणतोय."

दुसऱ्या दिवशी येताना मास्तरांनी दोरे कापायची लहान कात्री खिशात टाकली. त्या दिवसापासून गळाला लागलेल्या प्रत्येक माशाच्या शेपटीच्या वरच्या पाकळीत ते एक तिकोनी खाच पाडू लागले. गव्हाच्या दाण्याएवढी. नख कापल्यावर आपल्याला जेवढं लागतं, तेवढंच माशाला लागत असावं. तीन महिन्यांत सव्वीस मासे झाले. मग त्यांना कापडांची नावंही पडली. करडा होता तो गॅबर्डीन, अंगानं बारीक आणि चकचकीत तो पॉपलिन, आणि सगळ्यांत मोठा, जाड ओठांचा, संथ म्हातारा होता त्याचं नाव ब्लँकेट.

"सव्वीस आहेत," मास्तर शिट्टीला म्हणाले. "आता बोल."

शिट्टीनं शिट्टी फुंकली.

२

मंगळवारी पॉपलिन लागला.

मास्तरांनी त्याला ओल्या फडक्यावर घेतलं, गळाचा काटा काढला, शेपटी बोटांवर पसरली. वरच्या पाकळीत त्यांची खाच होती. खालच्या पाकळीत, बरोबर तिच्यासमोर, दुसरी खाच होती.

शिंप्याला हे सांगावं लागत नाही, पण इतरांसाठी सांगतो. कोट कापताना पुढच्या भागाला जिथे खाच पाडायची, तिथेच मागच्या भागालाही पाडायची. मग शिवताना खाचेला खाच लावली की शिवण सरकत नाही. खाच कधी एकटी नसते. माशाला शिवण नसते म्हणून मास्तरांनी एकच पाडली होती. कोणीतरी तिची जोड पूर्ण केली होती.

त्यांनी मासा पाण्याशी नेला, ओला केला आणि पुन्हा बघितला. काम स्वच्छ होतं. काठ फाटलेला नव्हता, टोक नेमकं होतं. माशानं माशाला चावून असं होत नाही. दगडाला घासूनही होत नाही. फक्त एक होतं. कात्रीचं खालचं पातं कापड केसभर एका बाजूला ओढतं, त्यामुळे उजव्या हातानं पाडलेली खाच एकीकडे कलते आणि डाव्या हाताची दुसरीकडे. मास्तरांच्या हाताखाली उभ्या आयुष्यात दोन डावखुरे कारागीर होऊन गेले. त्यांचं काम ते खोलीच्या या टोकावरून ओळखत.

ही खाच डाव्या हाताची होती.

मास्तरांनी मासा सोडला, हात पुसले आणि वर जाऊन शिट्टीला गाठलं.

"माझ्यामागे इथे गळ कोण टाकतं?"

"कोण टाकणार? फाटकाची किल्ली माझ्या कमरेला आहे. दिवसभर मी इथेच, जेवायलासुद्धा इथेच."

"कोणी डावखुरा?"

शिट्टीनं विचार केला. "डावखुरं म्हणाल तर ते बदक आहे. उजवा पंख मोडलाय त्याचा."

पुढच्या आठ दिवसांत अकरा मासे लागले. अकराही माशांना जोडीची खाच होती. सोमवारी ज्या माशाला मास्तरांनी स्वतः पहिल्यांदा खाच पाडली, सत्ताविसावा, तो बुधवारी परत आला तेव्हा त्यालाही होती. कोणीतरी मागोमाग काम करत होतं आणि काम तुंबू देत नव्हतं.

मास्तरांना भीती वाटली नाही, हे आधीच सांगायला हवं. त्यांना बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्यांच्या तोडीचं काम करणारा माणूस त्यांना भेटला नव्हता.

३

मुलगी दुसऱ्या गावी राहायची. बसनं दोन तास. चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासायची, आणि महिन्यातून दोनदा रविवारी बापाला. आली की आधी गॅसचं बटण बघे, मग औषधांची डबी, मग त्यांचा चेहरा.

मास्तरांनी तिला खाचांचं सांगितलं. सांगायला नको होतं, पण चांगल्या कामाबद्दल कोणाजवळ तरी बोलावंसं वाटतं.

तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"बाबा, त्या खाचा तुम्हीच पाडताय."

"वरच्या मी पाडतो."

"खालच्याही तुम्हीच. आणि विसरताय."

"मी विसरत नाही."

"समोरच्या डॉक्टरांचा कोट विसरलात? उजवी बाही डावीकडे, डावी उजवीकडे. ते हात घालून उभे राहिले तर कोपर मागे वळल्यासारखे दिसत होते म्हणे. सगळा दवाखाना हसला."

तो कोट खरा होता. त्या बाह्या कशा उलट्या लागल्या, हे मास्तरांना आजवर कळलं नव्हतं. पन्नास वर्षांत अशी एकच चूक, पण झाली होती.

"माझ्याकडे चला," मुलगी म्हणाली. "खोली रिकामी आहे. तुमचे जावई स्वतः म्हणालेत. मशीनसुद्धा मावेल."

"मी माझ्या घरात मरणार."

"मरा हो. पण त्याआधी गॅस उघडा टाकून शेजाऱ्यांना नका मारू."

ती असंच बोलायची. आईवर गेली होती. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं आणि एकदाचं ठरवून टाकलं. "तुला डावी-उजवी खाच ओळखता येत नाही. पण भिंगाखाली कोणालाही कळेल. मासा दाखवतो. बघ, आणि मग बोल."

"ठीक आहे. डाव्या हाताची खाच दिसली तर हा विषय मी आयुष्यात काढणार नाही. नाही दिसली, तर सामान बांधायचं. कबूल?"

"कबूल."

दोघं तळ्यावर गेली. मास्तर खुर्चीवर बसले. मुलीनं चपला काढल्या आणि पाण्यातल्या पायरीवर पाय सोडून ती बसली. दीड तास झाला. बूच हललं नाही. एवढा वेळ रिकामा जायची ही त्यांची पहिलीच वेळ होती.

"पाणी कोमट आहे," ती म्हणाली. ओणवी होऊन तिनं तोंडावर पाणी मारलं. तिचं सबंध प्रतिबिंब पाण्यावर पसरलं होतं, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत, आणि वारा नसूनही ते कमरेजवळ जरासं हलत होतं. मग ती हसली. "अहो, गुदगुल्या होतायत. तुमचे मासे इथे आहेत सगळे, माझ्या पायांशी."

मास्तरांनी वाकून पाहिलं. तिच्या पायांशी एकही मासा नव्हता.

"पाय वर घे," ते म्हणाले.

"का?"

"सर्दी होईल."

तिनं पाय पुसले, चपला घातल्या. "पुढच्या रविवारी येते. दुकानातलं भिंग घेऊन. तेवढा अवधी देते तुम्हाला, एक मासा शोधायला."

४

सोमवारी गळाची दोरी बोलू लागली.

मास्तर दोरीचा शेवट नेहमी तर्जनीवर घेऊन बसत. मासा आमिषाला नुसतं तोंड लावून बघतो तेव्हा बोटाला कसं कळतं, गिळतो तेव्हा कसं, आणि नुसता अंग घासून जातो तेव्हा कसं, सगळं त्या बोटाला पाठ होतं. हे त्यातलं काही नव्हतं. ओढ. थांब. ओढ. थांब. जोर सारखा, अंतर सारखं. मास्तर बोटाकडे बघत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं की हे बोटाला ओळखीचं आहे; फक्त तळ्यावर ओळखीचं नाही, घरी आहे. सुई आरपार काढून दोरा ओढायचा, थांबायचं, सुई पुन्हा घालायची. जाड कापडाला हातशिलाई करताना असंच होतं.

त्यांनी दोरी वर घेतली. गळाला कणीक जशीच्या तशी होती.

तळाला पाइप असेल, त्यातून पाणी ठरावीक वेळानं सुटत असेल. मास्तरांनी स्वतःला तसं सांगितलं आणि शिट्टीलाही विचारलं. शिट्टी म्हणाला, पाइप होता, तो वीस वर्षांपूर्वीच बुजवला.

बुधवारी ब्लँकेट लागला. म्हातारा नेहमीसारखा न झगडता वर आला. त्याच्या खालच्या खाचेतून काहीतरी ओवून गाठ मारलेली होती. एक पट्टी. दीड हात लांब, दोन बोटं रुंद, करडी, ओल्या कातड्यासारखी मऊ. कागद नव्हे, कापडही नव्हे. पट्टीच्या एका काठानं वरपासून खालपर्यंत खाचा होत्या.

मास्तरांनी गाठ सोडवली, मासा पाण्यात सोडला, आणि ते साडेआठलाच घरी गेले. शिट्टीनं घड्याळाकडे दोनदा पाहिलं.

बाहेरच्या खोलीत कापायचं टेबल होतं. तिथे त्यांनी पट्टी पसरली आणि दिवा ओढून घेतला. खोलीत भिंतीवरचं घड्याळ चालत होतं, पट्टीतून पाणी झिरपून टेबलाच्या कडेवरून ठिबकत होतं, आणि दोन्ही आवाज काही वेळानं एका तालात पडू लागले. मास्तरांनी टेबलाखाली फडकं टाकलं.

त्यांना आकडे येत नव्हते असं नाही, पण त्यांच्या वडिलांना येत नव्हते. वडील माप आकड्यांत लिहीत नसत. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कागदाची एक लांब पट्टी घेत आणि तिच्यावर खाचा पाडत. पट्टीच्या टोकापासून साध्या खाचेपर्यंत गळा. जोडखाचेपर्यंत खांदा. तिरप्या खाचेपर्यंत बाही. छाती आणि कंबर घेरानं मोठी, म्हणून पट्टी दुमडून निम्मी धरायची. छातीला दुहेरी तिरपी, कमरेला चौकोनी. ही भाषा वडिलांनी तयार केली आणि मुलाला दिली. हाताखाली वीस-वीस वर्षं बसलेल्या कारागिरांनाही ती कधी सांगितली नव्हती. मास्तरांच्या भिंतीवर अजून एका खिळ्याला अशा शेकडो पट्ट्या लटकत होत्या.

टेबलावरची पट्टी त्याच भाषेत होती.

साधी. जोड. तिरपी. दुहेरी तिरपी. चौकोनी. सगळ्या डाव्या हाताच्या.

बाईमाणसाचा कोट, मास्तरांनी ओळखलं. बारीक गळा, उतरते खांदे, उंचीच्या मानानं लांब हात. असे लांब हात त्यांच्या माहितीत दोनच बायकांचे होते. एक गेली होती.

ते उठले आणि खिळ्यावरून मुलीची पट्टी काढली. घाई केली नाही. टोकाला टोक लावून दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या.

गळा जुळला. खांदा जुळला. बाही दोऱ्याइतकीही इकडेतिकडे नव्हती. छाती जुळली. कंबर जुळली नाही.

करड्या पट्टीवरची कमरेची खाच दोन बोटं पुढे होती.

मास्तर स्टुलावर बसले. त्यांनी पाणी प्यायलं. दोन बोटं म्हणजे थोडं नाही. दोन बोटांनी कोट अंगावर बसत नाही. हे तिचं माप नव्हतं, कोणाचंतरी होतं, किंवा कोणाचंच नव्हतं. मग त्यांनी आणखी एक गोष्ट करून बघितली, कारण ते स्वतःशी प्रामाणिक माणूस होते. कात्री डाव्या हातात घेतली आणि जाड कागदावर खाच पाडली. कागद चुरगळला. पुन्हा पाडली. फाटला. दहा वेळा प्रयत्न केला आणि दहाही वेळा उंदरानं कुरतडल्यासारखं झालं.

म्हणजे हे त्यांनी केलेलं नव्हतं. हे सिद्ध झाल्यावर त्यांना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी दिवा बंद केला आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. बाहेरच्या खोलीत ठिबकणं चालूच होतं. एवढीशी पट्टी, तिच्यात एवढं पाणी कुठून, याचा त्यांनी विचार करायचं टाळलं.

५

रविवारी मुलगी आली ती पिशवीतून भिंग काढूनच.

"चला. निकाल लावू."

"थांब. आधी उभी राहा तिथे. कोटाचं माप घेतो."

"माझं माप आहे की तुमच्याकडे."

"जुनं आहे."

"म्हणजे मी जाड झालेय, असं म्हणायचंय."

"उभी राहा म्हणतो ना."

ती आरशासमोर उभी राहिली. लहानपणापासून उभी राहत आली होती, हात कसे सैल सोडायचे ते तिला सांगावं लागत नव्हतं. मास्तरांनी कागदाची नवी पट्टी घेतली. गळा घेतला, खांदा घेतला, बाही घेतली. त्यांचा हात स्थिर होता. कमरेशी पट्टी गुंडाळली, निम्मी धरली, नखानं खूण केली आणि तिच्याकडे पाठ करून टेबलाशी गेले.

टेबलावर फडक्याखाली ती करडी पट्टी होती. त्यांनी फडकं एवढंसं उचललं आणि नखाची खूण चौकोनी खाचेला लावली. तंतोतंत जुळली.

"किती?" मुलगी आरशात बघून केस बांधत होती. "बोला, ऐकायची तयारी आहे."

"दोन बोटं."

"वाटलंच. या वर्षभरातच. दिवसभर स्टुलावर बसायचं, लोकांना अक्षरं वाचायला लावायची. तुमचे जावईही म्हणत होते."

मास्तर फडक्यावर पंजा टेकवून उभे राहिले. हे माप त्यांनी स्वतः आज घेतलं होतं. त्याच्याआधी वर्षभर कोणी घेतलं नव्हतं. आणि ती पाण्यात पाय सोडून बसली त्याला आठ दिवस झाले होते.

"आज तळं नको," ते म्हणाले.

"का?"

"ऊन आहे."

"बाबा." ती वळली. "मासा नाहीच ना? नसेल तर नाही म्हणा. मी चिडवणार नाही."

तिचा आवाज मऊ झाला होता. त्या मऊपणानं घात केला. तिनं टोमणा मारला असता तर मास्तरांनी दार लावून घेतलं असतं. पण कीव त्यांना सहन होत नसे. त्यांनी गळाची काठी उचलली.

"मासा आहे. तू वर बाकावर बसायचंस. पायरी उतरायची नाही. मी मासा वर आणीन, तिथे भिंग लाव."

"एवढं काय आहे त्या पायऱ्यांत?"

"शेवाळ."

ती कबूल झाली. आपण वर, ती वर, मासा वर, पाणी खाली. मास्तरांना हे पुरेसं वाटलं. कातरकामात ते कधी हिशेबाबाहेर गेले नव्हते आणि इथेही जाणार नव्हते.

६

ऊन स्वच्छ होतं, वारा पडला होता. इतक्या वर्षांत तळं एवढं निवळलेलं मास्तरांनी पाहिलं नव्हतं. पाण्यातल्या पायऱ्या एकेक करून दिसत होत्या. चौथी. पाचवी. सहावी. सातवी.

मुलगी वर बाकावर होती. शिट्टी तिला बदकाची गोष्ट सांगत होता आणि ती हसत होती.

बूच पडल्या पडल्या बुडालं. मास्तरांनी काठी उचलली. पॉपलिन होता, तेवढाच हलका. त्यांनी ओला हात पाण्यात घालून त्याला तळव्यात घेतलं. वरची खाच, खालची खाच. वर नेऊन भिंगाखाली धरायचं एवढंच काम उरलं होतं. दोन मिनिटं. मग उरलेलं आयुष्य स्वतःच्या घरात, स्वतःच्या किल्लीनं.

ते मासा उचलायला गेले तर तो येईना.

खालच्या खाचेतून एक दोरा गेला होता. बारीक, करडा, ताणलेला. तो माशापासून तिरपा खाली जात होता, पाचव्या पायरीवरून, सहावीवरून. मास्तरांच्या तळव्यात मासा दर थोड्या वेळानं खाली सरके आणि थांबे. ओढ. थांब. ओढ.

दोरा जिथे जात होता तिकडे त्यांनी पाहिलं.

आठव्या किंवा नवव्या पायरीवर, जिथे हिरवं पुन्हा दाट होत होतं, तिथे बसण्याची एक रीत होती. तेवढंच म्हणता येईल. एक मांडी घातलेली, एक गुडघा उभा, मान कामात खाली. शिंपी बसतो तसं. गुडघ्यावर मोठं, लोंबतं काहीतरी पसरलेलं होतं, त्याला खांदे होते, कंबर होती, आणि एक लांब बाही लागलेली होती. दुसरी अजून लागायची होती. डावं कोपर वर आलं. दोरा ताणला. कोपर खाली गेलं.

मास्तरांनी सगळ्यात आधी टाका बघितला. सवयच ती. टाका उत्तम होता.

मग कोपर अर्ध्यात थांबलं, आणि मान वर होऊ लागली.

"लागला का?" मागून आवाज आला. जवळून. मुलगी बाकावर नव्हती. ती पायऱ्या उतरून आली होती, एका हातात भिंग, आणि दुसऱ्या हातानं चपलेचा पट्टा सोडत होती. "किती वेळ लावताय. दाखवा, मी येते पाण्यात."

मास्तरांनी पाण्यातली मूठ उघडली. मासा गेला. पोहत लांब नाही, खालीच गेला, सरळ, दोऱ्याच्या वाटेनं. काठी हातातून सुटली आणि तीही गेली. ते उठले, वळले आणि तिच्यासमोर उभे राहिले. अंगानं ते रुंद होते. तिला पाणी दिसेना.

"सुटला?" ती म्हणाली.

"नव्हताच."

"काय नव्हतं?"

"मासा होता. डावी खाच नव्हती." त्यांनी श्वास घेतला. पुढचं वाक्य त्यांनी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते हळू आलं. "मीच पाडतो. वरची आणि खालची. पाडतो आणि विसरतो."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. डोळे तपासायची सवय होती तिला. माणूस दिसतंय म्हणतो आणि दिसत नसतं, हे ती रोज ओळखत असे. मास्तरांनी नजर हलू दिली नाही.

"खरं सांगताय?"

"गॅसही उघडा राहतो. दोनदा राहिला. तुला बोललो नाही."

हेही खोटं होतं. गॅस कधीच राहिला नव्हता.

तिचा चेहरा बदलला. जिंकल्यासारखं काही त्यात नव्हतं. तिनं भिंग पिशवीत टाकलं. "बाबा, त्यात लाज कसली. होतं या वयात."

"चप्पल घाल."

"घालते. सामान हळूहळू नेऊ. पुढच्या महिन्यात..."

"आज. चारची बस."

"आज कसं होईल? मशीन आहे, कपडे आहेत, एवढं दुकान..."

"मशीन राहू दे. इथलं काहीच नको. आणि परत यायचं नाही. तूही नाही. कुलूप शिट्टी बघेल."

त्यांच्या मागे पाणी पायरीला लागलं. एकदा. थोड्या वेळानं, एक पायरी वर, पुन्हा एकदा. वारा नव्हता.

"बदक असेल," मुलगी मान वाकडी करून बघायला गेली.

"बदकच आहे. चल."

तिनं त्यांचं कोपर धरलं, म्हाताऱ्या माणसाचं धरतात तसं. बायको गेली त्या दिवशीसुद्धा मास्तरांनी कोणाला हात धरू दिला नव्हता. आज दिला. चढताना ते मुद्दाम हळू चालले, धापा टाकल्या, तिच्यावर भार टाकला, म्हणजे तिनं पायांकडे बघावं आणि मागे बघू नये. दहाही पायऱ्या ते पाण्याच्या बाजूला, अर्धं पाऊल मागे राहिले आणि तिला त्यांनी पुढे ठेवलं.